साडूंची विलायती साय

माझे साडू वीसेक वर्षं मस्कतमध्ये राहिले, पण त्यातल्या एकाही शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी चार वाजता ते ओमानमध्ये नव्हते. देह मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असे, हे खरं. बाहेर उन्हाने गाड्यांचे पत्रे तव्यासारखे तापलेले असत, एसी धापा टाकत असे. साडू मात्र त्या वेळी इंग्लंडात, डेव्हन नावाच्या परगण्यात, हातात बशी घेऊन बसलेले असत. बशीत एक स्कोन, स्कोनवर बोटभर जाड पिवळसर क्रीम, क्रीमवर स्ट्रॉबेरीचा जॅम आणि कडेला कापलेली फळं. हे इंग्लंड त्यांनी एकट्याने उपभोगलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण दर शुक्रवारी ते आम्हा नवराबायकोलाही तिथला व्हिसा देत, आणि तो नाकारायची सोय नव्हती.

स्कोन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी नानकटाईचं पावाशी लग्न लावून द्यावं आणि ते फारसं सुखाचं झालं नाही असं समजावं. क्रीमची गोष्ट वेगळी. दूध मंद आचेवर तासन्‌तास तापवत ठेवायचं आणि मग वर जो जाड थर धरतो तो अलगद काढून घ्यायचा. "म्हणजे साय," असं मी पहिल्याच शुक्रवारी म्हणून गेलो. साडूंनी हातातली सुरी खाली ठेवली. "साय? साय म्हणालात तुम्ही?" मग बायकोकडे वळून, "मेव्हणीबाई, यांना जरा समजावा." बायकोने घरी परतताना गाडीत मला समजावलं. तेव्हापासून मी तो शब्द त्यांच्यासमोर गिळत आलो, क्रीमबरोबरच.

त्यांना मी भावोजी म्हणतो. खरं तर ते नातं माझ्या बायकोचं. तिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. पण बायकोच्या मागोमाग बोलायची मला सवय लागली आहे, ती याही बाबतीत. मूळचे ते चिपळूणजवळच्या एका खेड्यातले. मस्कतमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात पंपांची देखभाल करत. त्याआधी, तरुणपणी, मुंबईच्या कंपनीने त्यांना पंप शिकायला तीन महिने डेव्हनला पाठवलं होतं. माणसं तीस-तीस वर्षं विलायतेत राहून येतात आणि गप्प बसतात. आमच्या साडूंनी तीन महिन्यांच्या भांडवलावर आयुष्यभराचा धंदा मांडला.

त्या धंद्याचे नियम कडक होते. आधी क्रीम, मग जॅम. डेव्हनशेजारच्या कॉर्नवॉल परगण्यात म्हणे आधी जॅम लावतात आणि मग क्रीम. आमच्या गावात खालच्या वाडीतली माणसं वरच्या वाडीचं नाव ज्या सुरात घेतात, त्या सुरात साडू कॉर्नवॉलचं नाव घेत. मी एकदा चुकून जॅम आधी लावला, तर माझ्या हातातला स्कोन त्यांनी काढून घेतला, जॅम खरवडला आणि तो मला पुन्हा पहिल्यापासून करायला लावला. स्कोन सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा. चहात वेलची नाही, आलं नाही. फळांत स्ट्रॉबेरीच हवी. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, एकदा म्हणाली, "अहो, सलालाहची एवढी गोड केळी आली आहेत, ती कापते ना." साडू म्हणाले, "केळी? श्राद्ध आहे का?"

क्रीम मिळायचं मस्कतमधल्या एकाच सुपरमार्केटमध्ये, काचेच्या छोट्या बाटल्यांतून. तिथला मल्याळी विक्रेता साडूंना दारातून आत येताना पाहिलं की लांबूनच दोन्ही हात हलवी. "साब, क्रीम खलास! नेक्स्ट वीक, इन्शाल्ला!" "इन्शाल्ला मत बोलो, तारीख बोलो!" साडू ओरडत. सगळं दुकान वळून बघे. मी सोबत असलो तर मसाल्यांच्या कपाटामागे जाऊन हळदीच्या पाकिटावरचा मजकूर वाचत बसे.

आणि त्यांचा आग्रह! नियमांचा वैताग एक वेळ सोसला असता. माझं पोट आता माझ्याआधी खोलीत शिरतं, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा कागद समोर धरून मला दोनदा बजावलेलं. पण साडूंच्या घरी 'नको' हा शब्द चालत नसे. "नको" म्हटलं की एक स्कोन. "खरंच नको" म्हटलं की दुसरा. "भावोजी, डॉक्टरांनी..." म्हटलं की डॉक्टरांच्या नावाचा तिसरा. बशीवर हात आडवा धरला तर हाताच्या पाठीवर क्रीम. शुक्रवारी रात्री मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपे आणि बायकोला म्हणे, "पुढच्या शुक्रवारी मला ताप आहे."

एका हिवाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं रुस्ताकला गरम पाण्याच्या झऱ्यावर सहलीला गेलो. गाडी माझी, चालवणारा मी. पुढच्या सीटवर साडूंचा बर्फाचा डबा, त्याला सीटबेल्ट लावलेला. एसीच्या चारही झडपा डब्याकडे वळवलेल्या. बायको, ताई आणि साडू मागे दाटीवाटीने. मी घाम पुसत, डब्याला उकडत नाही ना हे बघत रुस्ताक गाठलं. झऱ्याजवळ आम्ही चटई अंथरली तर शेजारच्या चटईवरचा एक म्हातारा ओमानी गृहस्थ कॉफीची किटली आणि खजुरांचं ताट घेऊन आमच्याकडे आला. तिथली रीत अशी, की कॉफीचा इवलासा पेला रिकामा झाला की यजमान तो पुन्हा भरतो. पुरे झालं हे तोंडाने सांगायचं नसतं, पेला हातात डुलवायचा असतो. साडूंना हे पक्कं माहीत होतं. पण त्यांनी पेला डुलवला नाही. उलट प्रत्येक पेल्याबरोबर त्यांनी म्हाताऱ्याच्या हातात क्रीम लावलेला स्कोन ठेवला. म्हातारा छातीवर हात ठेवी, स्कोन खाई आणि पेला भरी. दोघांपैकी कोणीच हटेना. शेवटी म्हाताऱ्याचा नातू "यल्ला, यल्ला" करत आजोबांना ओढून घेऊन गेला. साडू परतीच्या वाटेवर तृप्त चेहऱ्याने म्हणाले, "या देशाला कळतं हो. माणूस नको म्हणाला म्हणून सोडून द्यायचं नसतं." त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. मी डब्याच्या गार पडलेल्या सीटबेल्टकडे बघत होतो.

साडूंना एकच मुलगी, मैथिली. मस्कतच्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, मग पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मराठी तिला सगळं समजतं, पण बोलताना ती ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत चालल्यासारखी बोलते, पुढचा दगड पक्का आहे ना हे बघत. तिने एक दिवस फोनवर सांगितलं की टॉम नावाचा एक मुलगा आहे, त्याच्याशी लग्न करायचं आहे, डिसेंबरच्या सुट्टीत त्याला घेऊन येते. ज्या माणसाने वीस वर्षं इंग्लंडच्या नावाने आम्हाला छळलं तो आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं होतं. साडूंनी फोन ताईकडे दिला आणि गच्चीवर जाऊन उभे राहिले. पुढचे दोन महिने ना हो, ना नाही. ताई माझ्या बायकोजवळ रडायची. "पोरगी रोज विचारते गं, बाबा काय म्हणाले? काय सांगू? हे एवढंच म्हणतात, येऊ दे चहाला, मग बघू."

म्हणजे मैथिलीचं लग्न एका शुक्रवारच्या चहावर येऊन ठेपलं. साडूंनी सुपरमार्केटच्या त्या मल्याळी विक्रेत्याकडून बाटल्यांची अख्खी खेप उचलली. त्यांच्या जुन्या फ्रीजचं दार नीट बसत नसे, म्हणून बाटल्या आमच्या नव्या फ्रीजमध्ये आल्या. त्याच सुमारास माझी आई गावाहून आमच्याकडे राहायला आली होती. साडूंनी तिला फोन केला. "आई, फ्रीजमधल्या त्या बाटल्या जरा जपा हं. शुक्रवारपर्यंत खराब व्हायला नकोत." आई म्हणाली, "तुम्ही अजिबात काळजी करू नका."

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर जिन्यातच तूप कढवल्याचा वास. मस्कतमध्ये इतक्या वर्षांत माझ्या घरातून असा वास आला नव्हता. मी बूटही न काढता स्वयंपाकघरात गेलो. आईने गरम पोळीवर बेरी घातली, वर साखर भुरभुरली. मी उभ्याउभ्याच खाल्ली, कढईला लागलेलीही खरवडून खाल्ली. "आई, काय वास आहे! तूप कशाचं?"

"अरे, ती साय होती ना बाटल्यांत. केवढी साठवलेली, आणि कोणी विरजलेलीही नाही! म्हटलं, आणखी दोन दिवस राहिली तर वास मारेल. काल रात्री विरजण लावलं, आज घुसळली. ताक म्हणून धड पडलं नाही बाई, पण लोणी मात्र भरपूर."

माझ्या तोंडात बेरी होती. ती गिळवेना आणि थुंकवेना. बायको दारात येऊन उभी राहिली आणि ओट्यावरच्या रिकाम्या, घासून पालथ्या घातलेल्या बाटल्यांकडे बघत राहिली.

"आता भावोजींना कोण सांगणार?" ती म्हणाली.

"भावोजी तुझे."

"साडू तुमचे."

मी तसाच गाडी काढून सुपरमार्केट गाठलं. विक्रेत्याने मला एकटा पाहून दया दाखवली, हात हलवले नाहीत. "सब आपका भाईसाब ले गया, साब. नेक्स्ट वीक..." पुढचं मी ऐकायला थांबलो नाही.

शुक्रवारी दुपारी साडू बाटल्या न्यायला बर्फाचा डबा घेऊन आमच्याकडे आले. कोट, टाय. टायवर लहान लहान स्ट्रॉबेरी. आईने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पितळी झाकणाची तुपाची बरणी त्यांच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. एक थेंब वाया जाऊ दिला नाही." मी खिडकीतून खाली बघू लागलो. आमच्या मजल्यावरून उडी मारली तर लागेल किती, याचा अंदाज घेत होतो.

साडू ओरडले नाहीत. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं. मग डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. आईला काहीतरी बिनसलंय हे कळलं. "एवढं काय हो होतं त्या सायीत?" तिने विचारलं. आणि 'साय' शब्दावर ते काहीच बोलले नाहीत, तेव्हा मात्र मी खिडकी सोडली.

"आई, डेव्हनला मी उपाशी राहिलो होतो," साडू म्हणाले. "पैसे होते. अन्नही होतं. पहिल्या दिवशी जेवताना घरमालकीण भांडं घेऊन आली, अजून बटाटे हवेत का म्हणाली. मी म्हटलं, नो, थँक यू. म्हणजे आपलं... म्हणायचं म्हणून. बाईने भांडं उचललं आणि गेली."

"गेली?" आई म्हणाली.

"गेली. परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तेच. ऑफिसात तेच. मी नको म्हणायचो आणि ते लोक ऐकायचे."

"अगं बाई!"

"मग हो म्हणायचं होतंत," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पंगतीत बूट घालून बसलो होतो. "पहिल्यांदा विचारल्याबरोबर हो?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? डेव्हनमध्ये?"

"कुठलेही असोत. तुम्ही सांगा हो पुढे."

"एका रविवारी भटकत भटकत एका शेतावर गेलो. एक म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला चहा आणि स्कोन द्यायची. एक खाल्ला. आणखी हवा का म्हणाली. मी म्हटलं, नको. ती चालू लागली, थांबली, माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि काही न बोलता परत येऊन आणखी एक स्कोन बशीत ठेवला. वर एवढं क्रीम. मग आणखी एक. तीन महिन्यांत मला कोणी आग्रह केला तो तेवढाच, आई."

"मग पुढच्या रविवारी पुन्हा गेला असाल," आई म्हणाली.

"गेलो ना. हिवाळ्यासाठी बंद केलं होतं."

म्हणजे एकच दुपार! वीस वर्षांचे माझे शुक्रवार, माझं पोट, माझं कोलेस्टेरॉल, सगळं त्या एका दुपारपायी. मला संतापून काहीतरी बोलायचं होतं, पण आईने पदराने डोळे पुसले, त्यामुळे माझं राहूनच गेलं. साडू उठले. "मला बघायचं होतं, हा मुलगा त्या म्हातारीतला आहे की त्या घरमालकिणीतला. पोरगी जन्मभर त्याच्या घरी जेवणार. तिलाही नको म्हणायची सवय आहे, माझी. आणि आता समोर ठेवायलाच काही उरलं नाही." त्यांनी बर्फाच्या डब्यात तुपाची बरणी ठेवली आणि डबा बंद केला.

चार वाजता आम्ही सगळे साडूंच्या बैठकीत. टॉम उंच, लाजरा, सोफ्यावर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला. ताईने स्कोन पुन्हा गरम केले, कारण थंड स्कोनवर तूप थिजलं असतं. साडूंनी टेबलावर बरणी ठेवली आणि इंग्रजीत एवढंच सांगितलं, की आज क्रीम नाही, हे घरचं तूप आहे, माफ करा. एरवी डेव्हनवर तासभर बोलणारा माणूस मग नुसता टाय सारखा करत बसला. टॉमने एक स्कोन मोडला, त्यावर तूप घातलं, ते आत मुरलं, मग जॅम लावला. तूप आत मुरतं म्हणून आधी तेच घालावं लागतं, त्यामुळे कॉर्नवॉलचा प्रश्न उरलाच नाही. खाऊन झाल्यावर ताईने ताट पुढे केलं.

"नो, थँक यू," टॉम म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं. आता ते उठतील, बशी भरतील, माझ्या हाताच्या पाठीवर सांडतात तसं त्याच्या हातावर सांडतील. साडू हलले नाहीत. क्रीमच नाही तर आग्रह कशाच्या जोरावर करणार? ताईने ताट तसंच त्यांच्यापुढे धरलं. "तुम्ही तरी घ्या."

"नको. पुरे मला आज."

मैथिली खाली मान घालून बसली होती. ताई ताट घेऊन आत जायला वळली. तेवढ्यात टॉम उठला. त्याने ताटातला सगळ्यात मोठा स्कोन उचलला, हाताने मोडला, दोन्ही अर्ध्यांवर तूप ओतलं, बेताने नव्हे, वाहून जाईल इतकं. वर जॅमचा ढीग. आणि बशी साडूंच्या हातात देऊन, एकेका दगडावर पाय ठेवत म्हणाला, "एक... फक्त. माझ्या... साठी."

मराठी मैथिलीकडून शिकलेलं होतं, अडखळणं अगदी तिच्यासारखं.

"कोणी सांगितलं तुला हे?" साडूंनी इंग्रजीत विचारलं.

टॉमने मैथिलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी सांगितलं, बाबा. आपल्या घरी पहिला नको... तो... मोजायचा नाही."

"आणि दुसरा?" आईने मधेच विचारलं.

"दुसरा पण नाही, आजी."

साडूंनी स्कोन संपवला. बोटांवरचं तूप टायला लागलं, तरी त्यांनी बघितलं नाही. मग उठले, टॉमची बशी ओढून घेतली आणि तिच्यावर एक ठेवला, आणखी एक ठेवला, तो "नो, नो, रिअली" म्हणत असतानाच तिसराही ठेवला. ताई तोंडाला पदर लावून आत गेली. आई माझ्या कानाशी म्हणाली, "जमलं म्हणायचं." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तूप दाणेदार झालंय ना?"

लग्न झालं. पुढे तेलाचे भाव पडले, कंपन्या माणसं कमी करू लागल्या, आणि साडूंचीही परतायची वेळ आली. विमानतळावर त्यांनी बर्फाचा डबा माझ्या हातात दिला. "हिवाळ्यात रुस्ताकला जाल तेव्हा न्या," म्हणाले. आता ते चिपळूणजवळच्या त्या खेड्यात राहतात, एक म्हैस ठेवली आहे. परवा फोन आला. "इथे साय चांगली धरते हो," म्हणाले. माणसाने इतक्या वर्षांनी एखादा शब्द उच्चारला की मधे बोलू नये.

डबा अजून आमच्या माळ्यावर आहे. शुक्रवारी दुपारी आता मला कुठेही जायचं नसतं. वजनही थोडं उतरलं आहे, डॉक्टर खूश आहेत. गेल्या आठवड्यात मी सुपरमार्केटमध्ये सहज गेलो, तर क्रीमच्या बाटल्यांची रांग लागलेली आणि घ्यायला कोणी नाही. एक घेतली. बायकोने आठवून आठवून स्कोन केले, जरा कडक झाले. चार वाजता आम्ही दोघंच बसलो. आधी क्रीम, मग जॅम. मी एक खाल्ला. ताट पुढे करून ती म्हणाली, "अजून एक?"

"नको," मी म्हटलं.

आणि तिने खरंच ताट उचलून आत नेलं.